नाचणाऱ्यांच्या पायांनी जुळवलेलं संगीत

व्हर्दी या इटालियन संगीतकाराचा 'उन बाल्लो इन माश्केरा' हा ऑपेरा १८५९ साली रोममध्ये पहिल्यांदा झाला. शेवटी मुखवट्यांचा नाच रंगात असताना नायकाचा खून होतो, तोही जिवलग मित्राच्या हातून; आणि मरता मरता नायक सगळ्यांना माफ करून टाकतो. तीनच वर्षांनी, १८६२ मध्ये, व्हिएन्नाच्या धाकट्या योहान स्ट्राउसनं या ऑपेरातल्या चाली उचलल्या, कापून आखूड केल्या आणि त्यांची एक 'क्वाड्रिल' बांधली. प्रेम, संशय, सूड, क्षमा, सगळं ठेक्यात बसलं, आणि माणसं त्यावर मजेत नाचू लागली.

खानदेशातल्या बोदवडच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. 'राजा हिंदुस्तानी' (१९९६) मधलं परदेशी प्रियकराला सोडून जाऊ नकोस म्हणणारं गाणं आपल्या भागातल्या किती वरातींत नाचून झालं असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. गाणं रडवं आहे हे नाचणाऱ्यालाही कळतं. त्याला त्याचं काही पडलेलं नसतं. त्याचं लक्ष ढोलाकडे असतं, आणि बँड मास्तरचं लक्ष त्याच्या पायांकडे.

गाजलेल्या गाण्यांचे तुकडे एकाला एक जोडून, मध्ये नाच मोडू न देता वाजवायच्या या प्रकाराला युरोपात क्वाड्रिल, पोपुरी, मेडली अशी नावं होती. आपले बँडवाले त्याला 'नॉनस्टॉप' म्हणतात. संगीताच्या इतिहासकारांनी त्याला फारशी किंमत दिली नाही. जोडकाम, उसनवारी, बाजारू माल, असे शेरे त्याच्यावर पूर्वीपासून आहेत. समाजाचा इतिहास लिहिणारे जरा उदार. ग्रामोफोनच्या आधी ऑपेरातल्या चाली सामान्य माणसापर्यंत नेण्याचं काम याच रचनांनी केलं, असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे. भारतीय लग्नातल्या बँडवर ग्रेग बूथ या अभ्यासकानं २००५ साली 'ब्रास बाजा' हे आख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे हा विषय विद्यापीठांच्या दारात उभा राहिला. पण मेडलीत काय ठेवायचं, काय कापायचं आणि कशानंतर काय घ्यायचं हे मुळात ठरवतं कोण, या प्रश्नाला तीनही बाजू बगल देतात. माझ्या मते ते नाचणारा ठरवतो. संगीतकार फक्त त्याचं ऐकतो, आणि जो ऐकत नाही त्याची मेडली पडते.

क्वाड्रिलपासूनच सुरुवात करू, कारण या घराण्यातली सगळ्यात शिस्तीची रचना तीच. मूळ फ्रान्समधलं. १८१५ च्या सुमारास ती लंडनच्या 'ऑलमॅक्स' या अतिप्रतिष्ठित नाचघरात आली आणि बघता बघता युरोपभर पसरली. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना समोरासमोर उभ्या राहतात. नाचाचे पाच भाग: पांतालों, एते, पूल, पास्तुरेल आणि फिनाले. व्हिएन्नात 'त्रेनी' हा आणखी एक भाग धरून सहा. यातल्या 'पूल'चा अर्थ कोंबडी आणि 'एते'चा उन्हाळा. नाच करताना कोंबडीचाही संबंध नाही आणि उन्हाळ्याचाही नाही. जुन्या लोकप्रिय नाचांची नावं तशीच चिकटून राहिली.

प्रत्येक भागाच्या आधी छोटी सुरावट वाजते, तेवढ्यात जोड्या एकमेकांना झुकून नमस्कार करतात. मग पावलं सुरू. पुढं जाणं, मागं येणं, हात देऊन जागा बदलणं, परत आपल्या जागी येणं. आणि यातली प्रत्येक हालचाल चार किंवा आठ बारांत बसवलेली. बार म्हणजे पाश्चात्त्य संगीतातलं लहानसं आवर्तन. म्हणून चालही आठ बारांत संपली पाहिजे. एखाद्या ऑपेरातली चाल अकरा बारांची असेल तर तीन बार कापायचे. सहाची असेल तर दोन भरायचे. 'पूल' बहुधा सहाच्या मापात असतो, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या झोक्यासारखा. शेवटचा 'फिनाले' सरळ दोनाच्या मापात, केरव्याच्या अंगानं पळणारा. तेव्हा व्हर्दीची करुण चाल 'पूल'मध्ये टाकली की तिला झोका घ्यावाच लागायचा, आणि 'फिनाले'त टाकली की धावावं लागायचं. स्ट्राउसला तिचा अपमान करायचा नव्हता. समोर आठ माणसं पाय उचलून तयार होती, एवढंच.

याच स्ट्राउसनं १८५८ मध्ये 'क्युन्स्टलर क्वाड्रिल' केली. तिच्यात मोझार्ट, बेथोव्हन, मेंडेल्सझोन, शोपँ अशी बडी मंडळी एका माळेत ओवली. शोपँच्या भक्तांना काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. पण मोझार्टच्या सिंफनीला तिकीट काढून जाऊ न शकणाऱ्या कितीतरी कानांवर मोझार्ट पडला तो या वाटेनं. पुढं फ्रान्समध्ये शाब्रिये या संगीतकारानं वाग्नरच्या 'ट्रिस्टान' या ऑपेरावर आणि फोरे-मेसाजे या जोडीनं त्याच्या 'रिंग'वर पियानोसाठी क्वाड्रिल लिहिल्या. त्या उघड थट्टेच्या होत्या, आणि थट्टाही प्रेमातून आलेली. तिघेही वाग्नरचे चाहतेच. देवांचा अंत दाखवणारं संगीत आठ-आठ बारांत लचकायला लागलं की ऐकणाऱ्याला हसू येतं, आणि ज्याच्यावर हसू येतं ती चाल डोक्यातून जात नाही.

वॉल्ट्झचं जरा वेगळं आहे. त्यात जोडी स्वतःभोवती फिरत हॉलभर जाते, ठरलेल्या आकृत्या नाहीत. तरीही स्ट्राउसची 'निळी डॅन्यूब' (१८६७) नीट ऐकली तर कळतं की तो एक वॉल्ट्झ नाहीच: प्रस्तावना, पाठोपाठ पाच वॉल्ट्झ, आणि शेवटी आधीच्या चाली पुन्हा चाळवणारा कोडा. म्हणजे तीही साखळीच, फक्त सगळ्या कड्या एकाच लोहारानं घडवलेल्या. या बांधणीचा जुना नमुना वेबरनं १८१९ मध्ये पियानोसाठी घालून दिला होता: एका जोडीची ओळख, नाच आणि निरोप. या दुसऱ्या वाटेला मान मिळाला, कारण चाली स्वतःच्या होत्या. पहिल्या वाटेवर मात्र उसनवारीचा शिक्का कायम राहिला.

स्ट्राउस मंडळींची कीर्ती मोठी, पण माझं मन फिलिप म्यूझारकडे जास्त ओढलं जातं. १८३० च्या दशकात पॅरिसच्या नाचांवर याचं राज्य होतं. थोरल्या स्ट्राउसनं, म्हणजे धाकट्याच्या बापानं, क्वाड्रिल पाहिली ती पॅरिसच्या दौऱ्यात, आणि १८४० च्या सुमारास ती व्हिएन्नाला नेली. त्याच्या आधीच म्यूझारनं ती जवळजवळ वेडेपणाच्या टोकाला नेली होती. शेवटच्या धावत्या भागात तो ठेक्यावर पिस्तुलाचे बार काढायचा, खुर्च्या आपटून मोडायचा. वाद्यवृंदात कॉर्नेट हे तेव्हा नवं असलेलं, गर्दीवर आवाज टाकणारं पितळी वाद्य पुढं आणलं. नाचघर भरायचं. वाचताना मला आपल्याकडचे फटाके आठवल्याशिवाय राहत नाहीत. नवरदेवाची वरात चौकात आली, ढोल चढला की कोणीतरी लवंगी माळ पेटवतोच, आणि ती ठेक्यावर फुटावी असा त्याचा प्रयत्न असतो.

म्यूझारचा धंदा लंडनमध्ये नेला लुई-आंत्वान जुलियाँनं. हा माणूस म्हणजे वेगळ्या लेखाचा विषय. बाप बँड मास्तर. बारशाला गावच्या वादक मंडळातल्या सगळ्यांना धर्मपिता होण्याचा मान हवा होता, म्हणून पोराला छत्तीस नावं ठेवली, असं सांगतात. बेथोव्हन वाजवायचा असला की चांदीच्या तबकातून पांढरे हातमोजे आणि रत्नजडित छडी आणवायचा. क्वाड्रिल वाजवताना मात्र चार-चार लष्करी बँड एकदम उभे करायचा. १८४६ ची त्याची 'ब्रिटिश आर्मी क्वाड्रिल' तशीच होती. १८५४ साली न्यूयॉर्कमध्ये त्यानं 'फायरमन्स क्वाड्रिल' केली. संगीत चढत असताना घंटा वाजल्या, ज्वाळा दिसल्या आणि खरे अग्निशामक जवान पाण्याच्या नळ्या घेऊन आत शिरले. प्रेक्षकांतली काही माणसं बेशुद्ध पडली. १८६० मध्ये तो पॅरिसजवळ वेड्यांच्या इस्पितळात वारला. मेडलीच्या इतिहासातले खरे पुढारी हे दोघे, म्यूझार आणि जुलियाँ. स्ट्राउसनं तिला सभ्य केलं.

ही नाचपद्धत हिंदुस्थानात साहेबांच्या पाठोपाठ आली. एमिली ईडन या गव्हर्नर जनरलच्या बहिणीनं १८३० च्या दशकाच्या अखेरीस घरी लिहिलेल्या पत्रांत सिमल्यातल्या क्वाड्रिलींचे उल्लेख वारंवार येतात. मूठभर गोरी माणसं नाचताहेत आणि भोवतालच्या डोंगरांत हजारो माणसं आहेत, याची तिला स्वतःलाच गंमत वाटत होती. मुंबईत १८३३ मध्ये भायखळा क्लब आणि टाऊन हॉल दोन्ही उभे राहिले, आणि भायखळा क्लबच्या बॉलचा लौकिक झाला. आपल्या लोकांना या प्रकारात एक गोष्ट पटेना: पैसे असलेली माणसं स्वतः कशाला नाचतात? नाच पाहायचा असतो, नाचायला कलावंतीण असते. साहेबाला नेमकं उलटं वाटे.

वाजवणारे मात्र बहुतेक इथलेच होते, आणि त्यातले पुष्कळ गोव्याचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. त्या शिक्षणावर गोवेकर मुंबईच्या गव्हर्नरच्या बँडात, पलटणींत, संस्थानांत आणि जहाजांवर नोकरीला लागले. नाचणारे कोण आणि वाजवणारे कोण, यात वरखालीचा फरक होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

याच्या थोडं आधी एका मराठी राजानं मेडलीचा प्रश्न अगदी दुसऱ्या टोकानं सोडवला होता. तंजावरचे सरफोजीराजे भोसले (दुसरे) १७९८ ते १८३२ गादीवर होते. लहानपणी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे शिकले, इंग्रजी चांगली अवगत, पुस्तकांचं वेड. सरस्वती महाल ग्रंथालयाला आज जी कीर्ती आहे तिचं मोठं श्रेय त्यांचं. दरबारात त्यांनी युरोपीय वाद्यांचा बँड ठेवला, 'तंजावर बँड' म्हणून त्याचं नाव झालं, आणि युरोपीय संगीताच्या छापील व हस्तलिखित वह्या ग्रंथालयात जमवल्या. कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजलं त्या काळातलंच हे वातावरण. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवले, ती 'नोट्टुस्वरं' आजही लहान मुलांना शिकवतात.

आणि याच राजाच्या नावावर 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' हा मराठी रचनांचा संग्रह आहे. भरतनाट्यमच्या पूर्वावतारासाठी रचलेल्या या 'निरूपणां'त अठरा छोट्या नृत्यरचनांची एक साखळी असते: जयजय, शरणु, अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाणा अशी क्रमानं, शेवटी मंगल. सगळ्यांचा राग एक, ताल एक, आणि कथाही एकच, सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालणारी. ज्या काळात लंडनच्या ऑलमॅक्समध्ये पाच भागांची क्वाड्रिल नवी होती, त्याच काळात कावेरीकाठी मराठीत अठरा भागांची साखळी नाचली जात होती. दोन्हींचा एकमेकींवर परिणाम झाला असं म्हणायला माझ्याजवळ आधार नाही, म्हणून म्हणत नाही. पण तुलना बोलकी आहे. तंजावरात क्रम पंडित राजानं लावला, नाचणारी तो शिकली आणि बघणारे बसून राहिले. अशी साखळी सुंदर असते आणि तिला जपावी लागते. ही निरूपणं हस्तलिखितात पडून राहिली आणि विसाव्या शतकात संपादकांनी बाहेर काढली. क्वाड्रिलची कोणी जपणूक केली नाही, तरी कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या वंशजांनी ती आपल्या ढोलांवर आजवर नाचती ठेवली आहे. सेशेल्समध्ये 'कामतोले' बँडाच्या ठेक्यावर अजूनही एक माणूस मोठ्यानं आकृत्यांची नावं पुकारतो आणि जोड्या जागा बदलतात.

गोव्यात या दोहोंच्या मधली वाट निघाली. एकोणिसाव्या शतकात साष्टीतल्या कुडतरी, लोटली, मडगावच्या सधन ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत 'मांडो' घडला. स्त्री-पुरुष समोरासमोर दोन रांगांत, बायकांच्या हातात पंखा, पुरुषांच्या हातात रुमाल, साथीला व्हायोलिन आणि घुमट हे मातीचं तालवाद्य. 'कोंत्रादान्स' या युरोपीय समूहनाचातल्या रांगा आणि जागाबदल त्यात उघड दिसतात, पण शब्द कोंकणी आणि भाव विरहाचा. मांडो संथ सहाच्या मापात चालतो. तो संपतो तिथंच 'दुलपद' सुरू होतं, चपळ सहाच्या मापात. एक झालं की दुसरं, मग तिसरं. मांडोत प्रियकराची आळवणी, आणि दुलपदात गावातल्या कुणाच्या तरी फजितीच्या गोष्टी. दुलपदं बहुतेक अनामिक आहेत, आणि कशानंतर कुठलं घ्यायचं ते जमलेल्या माणसांच्या उत्साहावर. मांडो कागदावर उतरला, त्याचे कर्ते आपल्याला नावानिशी माहीत आहेत: आर्नाल्दो दे मिनेझिस, जिझेलिन रिबेलो, तोर्क्वातो फिगेरेदो. दुलपदाची साखळी मात्र दर वेळी तिथल्या तिथं जुळते. माझ्या मताला याहून चांगला साक्षीदार मला दुसरा सापडलेला नाही.

आता खानदेश. इथं युरोपीय नाच आला असेल तर तो रुळांवरून. जीआयपी रेल्वेचा एक फाटा भुसावळहून बोदवड, मलकापूर करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला, दुसरा खंडव्यावरून जबलपूरकडे गेला आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता जोडली गेली. भुसावळ जंक्शन झालं. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन अशा कामांवर अँग्लो-इंडियन आणि युरोपीय कुटुंबं वस्तीला आली. अशा रेल्वे वस्तीत एक 'इन्स्टिट्यूट' असायची, लाकडी तक्त्यांची जमीन, एका बाजूला बिलियर्ड, शनिवारी नाच. क्वाड्रिल तोवर युरोपात म्हातारी झाली होती. 'लान्सर्स' ही तिची धाकटी बहीण काही काळ टिकली, मग वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट. ती माणसं पुढं ऑस्ट्रेलिया-इंग्लंडला निघून गेली. त्या लाकडी जमिनीवरून काही उडून बोदवडच्या वरातीत पडलं असं मला वाटत नाही. आपल्या बँडाची वाट लष्करातून आणि संस्थानांतून आली: पलटणीचा बँड पाहून संस्थानिकांनी बँड ठेवले, संस्थानिकांचे पाहून सावकारांनी लग्नात भाड्यानं आणले, आणि सावकाराचं पाहून सगळ्यांनी. मीरतची नादिर अली ही १८८५ पासूनची कंपनी बँडची वाद्यं करते. कॉर्नेट, क्लॅरिनेट, युफोनियम इथंच मिळू लागल्यावर हा धंदा तालुक्याच्या गावांतही परवडू लागला. मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओत वाद्यवृंद लिहिणारे गोवेकर अरेंजर आणि आपला बँड मास्तर हे या अर्थानं चुलतभाऊ लागतात: एकाचं घराणं चर्चच्या शाळेतून, दुसऱ्याचं पलटणीतून.

वाजवणारी माणसं बहुतेक त्याच समाजांतली राहिली ज्यांच्याकडे आधी सनई, डफ आणि संबळ होता. हातात क्लॅरिनेट आला, डोक्यावर झालरीची टोपी आली, मान फारसा वाढला नाही. वरातीत सगळ्यात पुढं चालणारा आणि पंगतीत सगळ्यात शेवटी बसणारा माणूस म्हणजे बँडवाला. बूथ यांनी देशभरच्या बँडवाल्यांबद्दल जे लिहिलं त्यात हीच खंत पानोपानी आहे.

त्यांच्या मेडलीची बांधणी मात्र पाहण्यासारखी. बोदवडपासून पारोळ्यापर्यंत तपशील बदलेल, सांगाडा तोच. आधी एखादी आरती किंवा देवाचं गाणं, तेही सावकाश. ही क्वाड्रिलमधली नमस्काराची सुरावट. मग वडीलधाऱ्यांना ओळखीची जुनी फिल्मी चाल. बायका पुढं आल्या की ठेका बदलतो. तरुण पोरं घुसली की अहिराणी. ही अहिराणीची लाट गेल्या काही वर्षांत इतकी चढली आहे की यूट्यूबवर गाजलेलं खानदेशी गाणं महिन्याभरात बँडाच्या गाडीवरचा गायक म्हणतोच. अधूनमधून एखादा काका नोट ओवाळून मास्तरच्या हातात देतो आणि कानात काहीतरी सांगतो. मास्तर चालू गाणं अंतऱ्यावरच सोडतो, ढोलाला हातानं खूण करतो, चार ठोके नुसते ढोलाचे पडतात आणि पुढची चाल सुरू. ते चार ठोके म्हणजे सगळी कला. तेवढ्यात नाचणारा श्वास घेतो पण पाय थांबवत नाही. ठोके जास्त झाले तर घोळका पांगतो, कमी पडले तर नवी चाल कोणाला कळत नाही. मोठ्या सुरांपेक्षा या सांध्यावर बँडाची पत ठरते, आणि सुपारी देणारा माणूस आधी कुठल्यातरी लग्नात तेच बघून आलेला असतो.

या साखळीत फक्त एका चालीला ठरलेल्या हालचाली आहेत: नागीण. 'नागिन' हा सिनेमा १९५४ चा, संगीत हेमंतकुमारांचं. पुंगीचा तो आवाज कल्याणजींनी क्लेव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर काढला आणि रवी यांनी हार्मोनियमनं त्याला जोड दिली. बँडात तो क्लॅरिनेटवर आला. चाल सुरू झाली की एक पोरगा तोंडात रुमाल धरून गारुडी होतो, दुसरा रस्त्यावर लोळून नागीण होतो, बाकीचे गोल करून उभे. नवऱ्या मुलाच्या मित्रांना हे कोणी शिकवलं नाही, तरी सगळ्यांना येतं. 'पूल'मध्ये जशी पावलं ठरलेली तशी इथं लोळण ठरलेली. नाचघराच्या भाषेत ही अस्सल फिगर आहे, आणि माझ्या माहितीत खानदेशी वरातीतली एकमेव.

लग्नाबाहेर याच साखळीची आणखी रूपं दिसतात. श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला रविवारची रात्र जागवून सोमवारी मिरवणूक निघते, तेव्हा कानबाईच्या गाण्यांमध्ये फिल्मी चाली बिनदिक्कत शिरतात आणि देवी रागावल्याचं ऐकिवात नाही. जत्रेत तमाशाच्या फडाचा 'तगतराव' हा गाडा गावातून फिरतो, त्यावर उभे राहून कलावंत तुकडे सादर करतात. रात्रीच्या खेळाची ती चालती-फिरती जाहिरातच. म्यूझारचे प्रकाशकही क्वाड्रिलची पियानोवर वाजवायची छापील प्रत विकून ऑपेराची जाहिरातच करत होते. फरक इतका की आपल्याकडे काही छापलं गेलं नाही.

सिनेमानंही ही बांधणी उचलली. 'हम किसीसे कम नहीं' (१९७७) मध्ये राहुलदेव बर्मन यांनी गाण्यांच्या स्पर्धेचा प्रसंग तुकड्यातुकड्यांनी जोडून केला, तो आजही ऑर्केस्ट्रावाले तसाच उचलतात. 'मैंने प्यार किया' (१९८९) मधली अंताक्षरी तर सरळ जुन्या गाण्यांची माळ आहे. पश्चिमेत १९८१ साली 'हुक्ड ऑन क्लासिक्स' या तबकडीनं लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिककडून शास्त्रीय चाली डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून घेतल्या. जाणकारांनी नाकं मुरडली आणि तबकड्या खपल्या. १८५८ च्या 'क्युन्स्टलर क्वाड्रिल'चीच ही नवी आवृत्ती.

आता राहिला डीजे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत बोदवड, भुसावळ, जामनेर सगळीकडे बँडाच्या जागी भिंतीएवढे स्पीकर लावलेला ट्रक आला. तांत्रिक बाजूनं पाहिलं तर डीजे हा मेडलीचा सर्वात प्रगत कारागीर. दोन गाण्यांची गती मिनिटाला किती ठोके यात मोजून यंत्र स्वतः जुळवतं. एक गाणं विरतं, दुसरं उगवतं, सांधा कळतही नाही. म्यूझारला हे मिळालं असतं तर त्यानं खुर्च्या मोडल्या नसत्या. पण बहुतेक ठिकाणी यादी आधीच पेनड्राइव्हवर भरलेली असते, ट्रकवरच्या पोराला गर्दीतले पाय दिसत नाहीत, आणि आवाजामुळे काकांची फर्माईश त्याच्या कानापर्यंत जात नाही. म्हणजे क्रम पुन्हा वरून लागायला लागला, तंजावरसारखा. फक्त तिथं लावणारा सरफोजी होता.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आणि २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो. पोलिसांची गाडी चौकात आली की ट्रक गप्प. उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यात लग्न संध्याकाळी लागतं, वरात उशिरा निघते, तेव्हा नेमकी मेडलीची शेवटची, सगळ्यात वेगवान पाच-सात मिनिटं कापली जातात. काही घरांनी यावर उपाय म्हणून पुन्हा साधा बँड किंवा संबळ-ढोल बोलवायला सुरुवात केली आहे. मास्तरांचं वय मात्र वाढलं, हाताखाली क्लॅरिनेट शिकणारी पोरं कमी. बऱ्याच पथकांत आता कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि एक गायक एवढंच उरलं. व्हिएन्नाच्या ऑपेरा बॉलला आजही मध्यरात्री 'फ्लेडरमाउस क्वाड्रिल' लागते, आकृत्या पुकारणारा माणूस वेग वाढवत नेतो, आणि कोट-झग्यातले शेकडो लोक ठरल्याप्रमाणे एकमेकांवर आदळून हसतात. त्यांच्याकडे १८७४ ची छापील प्रत आहे. बोदवडच्या मास्तरच्या साखळीची प्रत कोणाकडे नाही. तिचा क्रम मागायचा असेल तर मास्तरबरोबर मे महिन्यातल्या एका वरातीत, ढोलाच्या जवळ राहून, चालावं लागेल.